खोकल्याच्या एक्स-रेतली बरगडी

मरोळ नाक्याहून मरोशीच्या रस्त्याला लागलं की एकामागोमाग एक सोनोग्राफी केंद्रं दिसतात आणि त्या प्रत्येकात, कायद्याच्या सक्तीने, एक पाटी लावलेली असते : इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. या पाटीमागे मोठा इतिहास आहे. देशात असा कायदा सर्वात आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. त्यातून फॉर्म ‘एफ’ आला, रजिस्टरं आली, मशीनची नोंदणी आली आणि २०१४च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांना सोनोग्राफी करण्याआधी सहा महिन्यांचं प्रशिक्षणही सक्तीचं केलं. म्हणजे रेडिओलॉजिस्टच्या खोलीत कायदा शिरलाच नाही, असं आपल्याकडे कुणी म्हणू शकत नाही. तो आणखी एका वाटेनेही शिरला आहे. आरोपी किंवा पीडित अठरा वर्षांखालचा आहे का, हे कागदपत्रांवरून ठरत नसेल, तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार हाडांच्या वाढीवरून वय ठरवलं जातं आणि त्याचा अहवाल कोर्टात जातो. जन्माआधीच्या मुलीसाठी पाटी आहे, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या मुलासाठी तपासणी आहे. या दोहोंच्या मधे जे बाळ अजून पालथंही पडत नाही आणि ज्याची बरगडी मोडलेली आहे, त्याच्यासाठी मात्र रेडिओलॉजिस्टला ना फॉर्म, ना प्रशिक्षण, ना विचारायला कुणी. ही उणीव सहृदयतेची नाही, व्यवस्थेची आहे, आणि ती भरून काढायला लागणारं बरंचसं सामान मुंबईत आधीपासून आहे, असं माझं म्हणणं आहे.

नेमकी अडचण कुठे येते, ते एका फिल्मवर दाखवता येईल. तीन महिन्यांच्या बाळाला खोकला आहे, दूध पीत नाही, रात्रभर किरकिरतं. डॉक्टर चिठ्ठी देतात : छातीचा एक्स-रे, खोकला. फिल्म वाचणाऱ्याची नजर साहजिकच फुफ्फुसांकडे जाते : कुठे पांढुरका डाग आहे का, हृदयाचा आकार ठीक आहे का. बरगड्यांवरून ती ओझरती फिरते. पण छाती दोन्ही पंजांत धरून जोरात आवळली, तर बरगडीचा मागचा भाग मणक्याच्या आडव्या काट्यावर टेकून वाकतो आणि मणक्यालगतच मोडतो. ताजी मोड असेल तर रेघ इतकी बारीक असते, वर हृदयाची आणि मणक्याची सावलीही पडलेली असते, की अनुभवी डोळ्यांनाही ती दिसत नाही. दहा-पंधरा दिवसांनी तिथे नवं हाड धरू लागतं, बरगडी त्या जागी फुगीर होते आणि तेव्हा ती दिसते. बाळाची हाडं लवचीक असतात, म्हणून साध्या पडण्याने बरगड्या सहसा मोडत नाहीत. मणक्यालगतच्या मोडी तर फारच विरळा. तेव्हा या फिल्मवरची सर्वात मोठी बातमी फुफ्फुसात नसून मणक्यालगतच्या तीन पुसट गाठींत असू शकते. चिठ्ठीवर मात्र ‘खोकला’ एवढंच लिहिलेलं असतं. ज्याला चिठ्ठीवरचाच प्रश्न सोडवायला शिकवलं आहे, त्याने चिठ्ठीबाहेरचं उत्तर पाहावं, अशी अपेक्षा आपण करतो आहोत.

या क्षेत्राचा इतिहास हेच सांगतो. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधले जॉन कॅफी हे मुळात बालरोगतज्ज्ञ, पुढे एक्स-रेकडे वळलेले. १९४६ मध्ये त्यांनी सहा बाळांवर एक लेख लिहिला. सहाही जणांच्या मेंदूच्या आवरणाखाली जुना रक्तस्राव होता आणि सगळ्यांची मिळून लांब हाडं २३ ठिकाणी मोडलेली होती. आजार सापडत नव्हता, पडल्याची हकिकत मिळत नव्हती. कॅफींनी इजा हेच कारण असावं असं सूचित केलं, पण आई-बापांकडे बोट दाखवलं नाही. १९५३ मध्ये फ्रेडरिक सिल्व्हरमन यांनी तेच जास्त स्पष्टपणे मांडलं. समाज हलला तो मात्र १९६२ मध्ये, हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी ७१ रुग्णालयांतल्या ३०२ मुलांची माहिती एकत्र करून ‘मारहाण झालेल्या बाळाची लक्षणं’ म्हणून ती छापली तेव्हा. त्यांतली ३३ मुलं दगावली होती, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. पुढच्या पाचेक वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी अशी शंका कळवण्याचे कायदे केले. कॅफींच्या लेखापासून केम्प यांच्या लेखापर्यंत सोळा वर्षं गेली. त्या काळात डोळ्यांना दिसत नव्हतं असं नाही. दिसलेलं कुणाला सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं आणि सांगितल्यावर आपलं काय होईल, हे ठरलेलं नव्हतं. आपल्याकडे ते आजही पुरतं ठरलेलं नाही.

जिथे ठरलं तिथे काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये रेडिओलॉजिस्टांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजांनी मिळून २००८ मध्ये पद्धत आखली आणि २०१७-१८ मध्ये ती सुधारली. दोन वर्षांखालच्या मुलाबद्दल मारहाणीची शंका आली तर सबंध सांगाड्याची तपासणी करायची. प्रत्येक अवयवाची स्वतंत्र फिल्म घ्यायची, बरगड्यांच्या तिरक्या फिल्मही घ्यायच्या. एका मोठ्या फिल्मवर अख्खं बाळ बसवायचं, ज्याला तांत्रिक बोलीत ‘बेबीग्राम’ म्हणतात, ते चालत नाही. कारण गुडघ्याजवळच्या हाडाच्या टोकावरून उडालेली कपची, म्हणजे हात-पाय ओढल्या-पिळल्याची खूण, तिच्यात हमखास सुटते. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर डोक्याचा सीटी स्कॅन. ११ ते १४ दिवसांनी निवडक फिल्म पुन्हा. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे अहवाल दोन रेडिओलॉजिस्टांनी मिळून द्यायचा. या शेवटच्या अटीला मी सर्वाधिक वजन देईन. तिने चूक कमी होते, हे उघडच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ‘मी एकट्याने हे लिहिलं’ हे ओझं उतरतं. या पद्धतीचा अर्धा भार तंत्रज्ञावर आहे, हेही विसरू नये. रडणाऱ्या बाळाचा हात सरळ धरून, किरणांची चौकट घट्ट आवळून नीट फिल्म काढणं हे कसब आहे. ते शिकवलं नाही, तर पुढे कितीही हुशार डॉक्टर बसवा, वाचायला काही उरत नाही.

पहिला आक्षेप अपेक्षित आहे : हे पाश्चात्त्यांचे प्रश्न, आपल्याकडे आजी आहे, शेजार आहे, बाळ कधी एकटं नसतं. आकडे वेगळं सांगतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्रासह तेरा राज्यांतली १२,४४७ मुलं होती. त्यांतल्या दर तिघांत दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं आणि घरात मार खाणाऱ्या बहुतेकांना मारणारे आई-बापच होते. पण या पाहणीचा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील आकड्यांत नाही, तो वयात आहे. तिथे विचारलेली मुलं पाच वर्षांपुढची होती, कारण पाहणी म्हणजे प्रश्न विचारणं आणि उत्तर द्यायला बोलता यावं लागतं. ज्या वयात मारहाण जिवावर बेतते, ते वय अशा मोजणीत येतच नाही. आजीचं आणि शेजाराचं म्हणाल, तर मरोळसारख्या वस्तीत, जिथे एमआयडीसी आणि सीप्झमधल्या पाळ्यांवर घरं चालतात, तिथे पाळणाघर ही चैन नसून गरज आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आया मारताना, आपटताना सीसीटीव्हीत दिसली आणि राज्यभर खळबळ उडाली. त्या प्रकरणात कॅमेरा होता. घराघरांत कॅमेरे नाहीत आणि नसावेत. तिथे जे काही कळायचं, ते बाळाच्या अंगावरून आणि हाडांवरूनच कळणार.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि त्याला जास्त जागा द्यायला हवी. आपल्या मुलांची हाडं मुळातच कमकुवत असतात. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आहे. मुंबईच्या अंधाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या खोल्यांतल्या आयांना आणि त्यांच्या बाळांना ऊन मिळत नाही. मुडदूस झालेलं हाड सहज मोडू शकतं. शिवाय जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार आहे, तांब्याची कमतरता आहे, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या हाडांचा अशक्तपणा आहे. अशा वेळी शंकेखोर रेडिओलॉजिस्ट तयार करणं म्हणजे झोपडपट्टीतल्या गरीब आईला पोलिसांच्या दारात उभं करणं नव्हे काय? ही भीती काल्पनिक नाही. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात २०११ मध्ये एक तरुण जोडपं बाळाच्या मृत्यूच्या आरोपातून निर्दोष सुटलं, कारण त्या बाळाला तीव्र मुडदूस होता हे पुढे आलं. मेंदूतला रक्तस्राव, सूज आणि डोळ्याच्या पडद्यावरचा रक्तस्राव या तीन खुणांवरून ‘बाळाला गदागदा हलवलं’ असं म्हणण्याला पुरावा अपुरा आहे, असा निष्कर्ष स्वीडनच्या सरकारी आरोग्य-मूल्यमापन संस्थेने २०१६ मध्ये काढला. बालरोग-रेडिओलॉजीच्या संघटनांनी २०१८ च्या निवेदनात त्या भूमिकेला कडाडून विरोध केला. वाद मिटलेला नाही. दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडचे डॉ. कॉलिन पॅटरसन होते. ‘तात्पुरता हाडांचा ठिसूळपणा’ नावाच्या आजाराची साक्ष ते कोर्टात पालकांच्या बाजूने वारंवार देत. त्या साक्षींच्या पद्धतीबद्दल ब्रिटिश वैद्यक परिषदेने २००४ मध्ये त्यांचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं.

या सगळ्यातून मला उलटाच निष्कर्ष दिसतो. आक्षेप खरा आहे, म्हणूनच प्रशिक्षण हवं. मुडदुसात हाडाचं टोक रुंदावतं, वाटीसारखं खोलगट होतं, त्याची कड विसविशीत होते आणि हे बदल मनगटात, गुडघ्यात, दोन्ही बाजूंना दिसतात. मुडदुसातही बरगड्यांवर माळेतल्या मण्यांसारख्या गाठी येतात, पण त्या पुढच्या बाजूला, कूर्चेच्या सांध्यावर. आवळून मोडलेल्या बरगडीच्या गाठी बहुधा मागे, मणक्यालगत असतात. ठिसूळ हाडांच्या आजारात कवटीच्या सांध्यांत जादा छोटी हाडं दिसू शकतात. सोबत कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फेटेज, ‘ड’ जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइडची तपासणी केली की चित्र बरंच स्पष्ट होतं. आणि मुडदूस असलेल्या बाळालाही कुणी मारू शकतं, ही अवघड शक्यता उरतेच. हे तारतम्य ज्याला शिकवलेलं आहे, तोच निर्दोष आईला वाचवू शकतो. न शिकलेला माणूस दोनच गोष्टी करतो : एक तर पाहून न पाहिल्यासारखं करतो, नाहीतर एका मोडीवरून फैसला सुनावतो. परदेशी पाठ्यपुस्तकांत नसलेला इथला तपशीलही त्या शिकवणुकीत यायला हवा. बाळ-बाळंतिणीला मालिश करणाऱ्या बाईचा हात किती जड आहे, बाळाला पाय धरून उलटं झुलवलं जातं का, हे विचारावं लागेल. उत्तर काहीही येवो, ते न विचारता दिलेलं मत अपुरंच. मोडीचं वय सांगण्याबाबतही असाच संयम हवा. सात-दहा दिवसांत नव्या हाडाची पहिली झाक दिसते, पुढच्या आठवड्यांत गाठ घट्ट होते. याहून बारीक कालगणना हाड देत नाही. कवटीच्या मोडीवर तर अशी गाठ धरतच नाही. ‘अमुक तारखेला मोडलं’ असं सांगणारा साक्षीदार वकिलाला आवडेल, शास्त्राला नाही.

किरणांची धास्तीही बोलून दाखवली जाते. सांगाड्याच्या संपूर्ण तपासणीचा डोस वर्षभरात निसर्गातून मिळणाऱ्या किरणोत्सारापेक्षा कमीच असतो. डोक्याचा सीटी स्कॅन जास्त विचाराने करावा लागतो, एवढंच.

आता कायदा. मुलांच्या लैंगिक अत्याचाराबाबत २०१२चा पोक्सो कायदा स्पष्ट आहे. कलम १९ नुसार प्रत्येकाने कळवायचं, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्याला दिवाणी-फौजदारी संरक्षण. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात, न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि न कळवणं ही गंभीर बाब असल्याचं बजावलं. लैंगिक अत्याचार नसलेल्या, निव्वळ मारहाणीच्या बाबतीत मात्र इतकी नेमकी तरतूद नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ मुलाचा ताबा असलेल्याने केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, पण मोडलेली बरगडी पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टने नेमकं काय करावं, हे सांगत नाही. रुग्णालयात एमएलसी (मेडिको-लीगल केस), म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करण्याचा रिवाज अपघात विभागाचा. खोकल्याची चिठ्ठी घेऊन आलेलं बाळ त्या दारातून आलेलंच नसतं. एक्स-रे केंद्र खाजगी असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण समोरचा डॉक्टर रोज रुग्ण पाठवणारा असतो आणि ‘हाडांचीही तपासणी व्हावी’ एवढं लिहिलं तरी उद्या तो दुसऱ्या केंद्राकडे वळेल, ही धास्ती असते. हे कुणी उघड बोलत नाही, पण धंद्यातलं वास्तव तेच आहे. म्हणून कळवण्याचं कर्तव्य आणि सद्हेतूचं संरक्षण, दोन्ही मारहाणीच्या बाबतीतही कायद्यात हवीत. नुसतं कर्तव्य लादलं, तर लोक पाहणंच सोडतील.

इतकं करायला माणसं कुठून आणायची? पालिकेच्या रुग्णालयांतली गर्दी आणि रिकाम्या जागा सर्वांना माहीत आहेत. मरोळपुरतं बोलायचं, तर एमआयडीसीतलं कामगार रुग्णालय २०१८च्या आगीनंतर दीर्घकाळ बंद पडलं, मरोशी रस्त्यावरचं सेव्हनहिल्स रुग्णालय कोविडच्या काळात ओळखीचं झालं, आणि लोक कधी कूपरला, कधी कोपऱ्यावरच्या एक्स-रे केंद्रात जातात. एकाच बाळाच्या तीन फिल्म तीन ठिकाणी निघतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून फिरतात. तिन्ही एकत्र पाहणारं कुणीच नसतं. पण म्हणूनच प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञ बसवा असं मी म्हणत नाही. फिल्म आता डिजिटल आहेत. केईएम, सायन, नायर, कूपर आणि परळचं वाडिया यांतल्या मुलांच्या एक्स-रेची सवय असलेल्या मोजक्या डॉक्टरांचं एक सामायिक मंडळ असलं आणि शहरातल्या कुठल्याही केंद्राला तिथे फिल्म पाठवून दुसरं मत मागता आलं, तर ब्रिटनची ‘दोघांनी वाचावं’ ही अट नव्या इमारतीशिवाय पुरी होते. अशा फिल्म रोज शेकड्याने येणार नाहीत. त्या विरळा असतात म्हणूनच एकट्यादुकट्याला सराव होत नाही आणि म्हणूनच त्या एका जागी गोळा व्हायला हव्यात.

मुंबईला असं काही जमत नाही असंही नाही. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २०००च्या सुमारास पालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. नवऱ्याचा मार खाऊन येणारी बाई ‘जिन्यावरून पडले’ म्हणते तेव्हा परिचारिकेने आणि डॉक्टरने पुढे काय विचारायचं, हे तिथे शिकवलं गेलं आणि पुढे ते केंद्र पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेलं. आपल्या विषयाशी त्याचं नातं दुरून नाही. ज्या घरात आई मार खाते, त्या घरात बाळही धोक्यात असतं. ‘दिलासा’त आलेल्या बाईच्या कडेवर तान्हं बाळ असेल तर त्याची तपासणी, आणि रेडिओलॉजिस्टला मोडलेली बरगडी दिसली तर पोलिसांआधी किंवा निदान पोलिसांबरोबर ‘दिलासा’ला फोन, हा दुहेरी रस्ता उद्यापासून चालू करता येईल. सरसकट पोलिसी खाक्याने घर फुटेल, ही भीती बाळगणाऱ्यांनाही त्यात उत्तर मिळतं. मुलाला घरापासून दूर ठेवायचं की नाही हा निर्णय बाल कल्याण समितीचा. रेडिओलॉजिस्टने तो घ्यायचा नाही आणि तसं त्याला कुणी भासवूही नये.

शेवटी उरतो तो कोर्टाचा दिवस. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली रेडिओलॉजिस्ट तज्ज्ञ म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याच्या अहवालातला प्रत्येक शब्द उलटतपासणीत पिंजला जातो. ‘मारहाणीच्या खुणा’ असं लिहिणारा पहिल्याच प्रश्नाला अडकतो, कारण मारताना त्याने पाहिलेलं नसतं. ‘डाव्या बाजूच्या पाचव्या ते सातव्या बरगड्यांच्या मागच्या भागात भरून येत असलेल्या मोडी, मुडदुसाच्या खुणा दिसत नाहीत, सांगितलेल्या हकिकतीने यांचा खुलासा होत नाही, अपघाताशिवायची इजा विचारात घ्यावी, पूर्ण सांगाड्याची तपासणी आणि दोन आठवड्यांनी फेरतपासणी सुचवतो’ असं लिहिणारा टिकतो. असं लिहायला शिकवावं लागतं. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खोट्या कोर्टात उभं करून, वकिलांकडून प्रश्न विचारवून ते सहज शिकवता येईल. आणि हा अहवाल वाचणारा पहिला माणूस न्यायाधीश नसून ठाण्यातला अंमलदार असतो. मुंबई पोलिसांची भरती जिथे घडते, ते प्रशिक्षण केंद्र मरोळलाच आहे. ‘विचारात घ्यावी’ याचा अर्थ ‘सिद्ध झाली’ असा नाही आणि ‘काही नाही’ असाही नाही, हे तिथल्या प्रशिक्षणार्थींना दोन फिल्म समोर ठेवून एखाद्या रेडिओलॉजिस्टने समजावून सांगायला एक दुपार पुरेल.